विवाहवेदीपुढचे पार्श्वसंगीत

गेल्या जानेवारीत आमच्या पुतणीचा विवाहसंस्कार आमच्याच शहरातील एका चर्चमध्ये यथासांग पार पडला. ‘यथासांग’ हा शब्द आम्ही सवयीने लिहून गेलो, पण तो खोडत नाही. कारण त्या दिवशी काय सांग झाले आणि काय राहून गेले, हेच आम्हाला वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

वेदीच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे दोन ध्वनिक्षेपक उभे होते. वधू दारात येताच ‘टायटॅनिक’ या १९९७ सालच्या इंग्रजी चित्रपटातील, जेम्स हॉर्नर यांनी रचलेली, आता जगभर ओळखीची झालेली ती धून सुरू झाली. वधू अर्ध्या वाटेवर आली असता छायाचित्रकाराने हात वर केला. ती थांबली, मागे वळून पुन्हा दाराशी गेली, धून पहिल्यापासून लागली आणि आमची लाडकी पुतणी आपल्या विवाहाकडे दुसऱ्यांदा चालत निघाली. पुढे वचनांची वेळ आली. धर्मगुरूंचे प्रश्न आणि वधूवरांची उत्तरे यांच्याखालून व्हायोलिनांचा एक मंद ओघ वाहत होता. वधू उत्तर देत असतानाच एक धून संपून दुसरी लागली, आणि ती दुसरी मोठ्या झांजेने सुरू होत असल्यामुळे आमच्या मुलीने आयुष्यभरासाठी दिलेला शब्द तिसऱ्या बाकाच्या मागे कोणालाही ऐकू आला नाही.

पहिल्या बाकावर आमच्या मातोश्री बसल्या होत्या. वय वर्षे चौऱ्याऐंशी. नातीच्या लग्नात म्हणावयाचे एक गीत त्यांनी नातवाकडून कागदावर उतरवून घेतले होते. त्यांना वाचता येत नाही. तरीही कागद हातात असला म्हणजे गीत हातात आहे, असे त्यांना वाटते. मिस्सा चालू असताना त्या दोनदा आमच्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, “आरं, गाणं कधी म्हणायचं?” दोन्ही वेळा आम्ही त्यांना खुणेनेच थांबावयास सांगितले. अखेरचा आशीर्वाद झाला, ध्वनिक्षेपक गरजले आणि तो कागद घडीचा घडीच पिशवीत परत गेला.

येथे एक कबुली दिली पाहिजे. त्या ध्वनिक्षेपकांचे भाडे आम्हीच दिले होते.

तसा विरोध आम्ही करून पाहिला होता. लग्नाच्या महिनाभर आधी आम्ही पुतणीला काकांच्या अधिकाराने सांगितले, की हे सिनेमाचे संगीत चर्चमध्ये शोभत नाही. आपली परंपरा आहे, परंपरेप्रमाणे लग्नाचा मार्च वाजू दे. ती मुलगी अभियंता आहे, शांतपणे बोलते. ती म्हणाली, “काका, तुमचा तो मार्च तरी कुठल्या प्रार्थनापुस्तकातला आहे?” आम्ही गप्प झालो. लग्न आटोपल्यावर आम्ही या प्रश्नाचा शोध घेतला आणि आमच्या पिढीचे जे हसे झाले ते आता सर्वांसमक्ष सांगतो.

वधूच्या आगमनाला आपण जी धून ‘परंपरा’ म्हणून वाजवीत आलो, ती रिशार्ड वाग्नर यांच्या ‘लोहेनग्रीन’ या संगीत नाटकातील आहे. ते नाटक १८५० साली जर्मनीतील वायमार येथे प्रथम रंगभूमीवर आले. तिसऱ्या अंकात लग्न लागून गेल्यानंतर नवदांपत्याला शयनगृहात नेताना हे समूहगीत म्हटले जाते. त्याच रात्री वधू न विचारावयाचा प्रश्न विचारते, विवाह मोडतो, वर निघून जातो आणि वधू प्राण सोडते. विवाहानंतर बाहेर पडताना वाजतो तो दुसरा मार्च फेलिक्स मेंडेल्सोन यांचा. तो त्यांनी १८४२ साली शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकासाठी रचला. ज्या नाटकात परीराणी गाढवाचे मुंडके लागलेल्या विणकराच्या प्रेमात पडते, तेच हे नाटक. १८५८ साली व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या कन्येच्या विवाहात हा मार्च वाजला आणि राजघराण्यात जे झाले ते इतरांनी उचलले. इंग्रजी रिवाजाबरोबर ते आपल्यापर्यंत पोहोचले आणि आपण त्याला धर्म समजून बसलो.

एवढ्यावर भागत नाही. शूबर्टचे ‘आवे मारिया’ ऐकून आपले डोळे भरून येतात. परंतु १८२५ सालची ती मूळ रचना सर वॉल्टर स्कॉट यांच्या एका कथाकाव्यातील नायिकेच्या गीतासाठी केलेली आहे. ‘नमो मरिये’ या प्रार्थनेचे शब्द त्या चालीवर नंतर बसवले गेले. म्हणजे तिन्ही ‘पवित्र’ रचनांचे कूळ शोधू गेल्यास दोन नाटकगृहात निघतात आणि एक कादंबरीकाराच्या टेबलावर. आजच्या पार्श्वसंगीताचे पूर्वजच म्हणा ना! पुतणीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. जुने नाटक चालते आणि नवा सिनेमा चालत नाही, या म्हणण्याला वयापलीकडे कोणताही आधार नाही.

मग काही मंडळी दुसरा बाण काढतात : सिनेमाचे संगीत म्हणजे बाहेरच्या जगाची घाण, ती उंबऱ्याच्या आत नको. असे बोलणाऱ्यांना आपल्याच समाजाचा इतिहास ठाऊक नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील तो भव्य वाद्यवृंद उभा कोणी केला? गोव्यातील चर्चच्या शाळांत मेस्त्रीच्या हाताखाली स्वरलिपी शिकून, व्हायोलिन व तुतारी बगलेत मारून मुंबईला गेलेल्या कॅथलिक वादकांनी. संगीतकार चाल गुणगुणत. ती कागदावर उतरवून पन्नास वादकांत वाटून देणारे हात पुष्कळदा आपल्या लोकांचे असत. शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांची वाद्ययोजना सेबॅस्टियन डिसोझा करीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गाण्यात येणारे नाव ही शिष्याने गुरूला दिलेली दाद होय. आणि आपल्या गोदावरीच्या काठच्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी ‘अलबेला’ (१९५१) गाजवला, तेव्हा त्यांच्या सोबतीला चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे गोव्याचे कॅथलिक तुतारीवादक होते. या माणसांनी रविवारी मिस्सेत वाजवले आणि सोमवारी स्टुडिओत. त्यांच्या कलेला घाण म्हणण्याचे पाप आम्ही तरी करणार नाही.

तर मग आमची तक्रार आहे तरी कशाबद्दल?

आमची तक्रार संगीताच्या कुळाबद्दल नाही, त्याच्या कामाबद्दल आहे. ‘पार्श्वसंगीत’ हा शब्दच थोडा उकलून पाहावा. चित्रपटात नायिका पावसात उभी असते आणि सारंगी वाजू लागते. ती सारंगी नायिकेला ऐकू येत नाही. ती फक्त आपल्याला, खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकांना ऐकू येते. आता रडा, आता घाबरा, आता सुखावा, असे आपल्याला सांगण्यासाठी ती असते. पडद्यावरची माणसे खोटी आहेत हे आपल्याला ठाऊक असते. त्यांचे सुखदुःख आपले वाटावे म्हणून ही योजना. संगीतकार पडद्यावरचे दृश्य पुढे ठेवून सेकंदांच्या हिशेबाने ती रचतो. हे मोठे कौशल्याचे काम आहे आणि चित्रपटगृहात त्याला मानाचे स्थान आहे.

परंतु ज्या क्षणी हे संगीत आपण विवाहवेदीपुढे लावतो, त्या क्षणी न कळत दोन गोष्टी घडतात. वधूवर नट होतात आणि भाविकांचा समुदाय प्रेक्षक होतो. नट झाल्यावर ‘पुन्हा एकदा चाला’ म्हणणाऱ्या छायाचित्रकाराचा हुकूम मानणे भाग पडते. प्रेक्षक झाल्यावर तोंड उघडण्याचे कारण उरत नाही. आणि ख्रिस्तसभेची शिकवण पाहावी तर ती नेमकी उलट आहे. आपल्या लॅटिन परंपरेत विवाहसंस्कार धर्मगुरू देत नाहीत. वधूवरच तो एकमेकांना देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने त्यांची संमती मागतात आणि स्वीकारतात. बाप्तिस्मा देणारा जसा पाणी ओततो तसे वधूवर शब्द देतात. त्यांचा शब्द हाच येथे पाण्याच्या जागी आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यात कोणी गुलाबी रंग मिसळला तर आपण चालवून घेऊ काय?

ज्यांना आमचे म्हणणे सोवळेपणाचे वाटेल त्यांनी ‘सैराट’ आठवावा. २०१६ सालचा नागराज मंजुळे यांचा तो चित्रपट. अजय-अतुल यांचे संगीत, त्यातील वाद्यवृंद लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित केलेला. आमच्या शहरातील एकही लग्न त्या संगीतावाचून जात नाही. ज्या जोडप्याला प्रेमविवाह केला म्हणून कापून काढतात, त्याची गाणी लग्नात मोठ्या आनंदाने वाजतात, ही गंमत आम्ही तूर्त सोडून देतो. आम्हाला दाखवावयाचे ते निराळेच. त्या चित्रपटाच्या अगदी अखेरीस, लहान मूल दारातून आत येते तेव्हा, दिग्दर्शकाने संगीत तर थांबवलेच, पण आवाजही काढून घेतला. चित्रपटगृह सुन्न झाले ते त्या शांततेने. सिनेमाच्या माणसाला जे कळले, की सर्वांत गंभीर क्षणाला सजावट लागत नाही, ते आम्हा चर्चच्या माणसांना कळू नये?

शेजाऱ्यांकडे तरी पाहावे. आपल्या शहरात निकाहाला गेलेल्या प्रत्येकाने अनुभवले असेल, की संमती विचारली जाते तेव्हा मांडवातील पोरेसोरेही गप्प होतात; तो होकार साक्षीदारांच्या कानी पडला पाहिजे. आपल्या हिंदू मित्रांच्या लग्नात मामा-मावशी स्वतः रचलेले मंगलाष्टकाचे कडवे सूर लागो न लागो म्हणतातच. त्यात मात्रा चुकतात, पाहुणे गालात हसतात. पण ते कडवे त्या घराचे असते. आणि आम्ही म्हणतो, ‘इतर धर्मांचे पाहुणे येणार, त्यांना कंटाळा नको, म्हणून जरा संगीत ठेवले.’ त्या पाहुण्यांना आपला संस्कार पाहावयाचा असतो. ‘टायटॅनिक’ त्यांनी घरी पाहिलेला आहे.

नियमांचे म्हणाल तर तेही आहेत, पण आम्ही ते ओझरते सांगतो. नियमाच्या जोरावर गाणे येत नाही. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली नाटकी वळणाचे संगीत उपासनेतून हद्दपार केले. (त्याच आदेशात गायकवृंदात स्त्रियांना मज्जाव होता आणि ढोल-झांजांवर बंदी होती, तेव्हा १९०३ जसेच्या तसे परत आणा म्हणणाऱ्यांनी आपल्या गायनमंडळात उरते कोण ते आधी मोजावे.) १९५८ च्या रोमच्या सूचनापत्राने ग्रामोफोन, टेपरेकॉर्डर अशा स्वयंचलित यंत्रांनी उपासनेत गाण्यास मनाई केली, पेन ड्राइव्ह तेव्हा नव्हता एवढेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली दार उघडले : लोकांची स्वतःची संगीतपरंपरा, त्यांची वाद्ये यांना उपासनेत स्थान दिले. तबला, पेटी आणि अभंगाची चाल आपल्या चर्चमध्ये हक्काने बसली ती त्या दारातून. आणि १९६७ च्या संगीतविषयक सूचनेने विवाहाचे नाव घेऊनच बजावले, की बाह्य थाटाच्या नावाखाली निव्वळ ऐहिक गोष्टी संस्कारात शिरू देऊ नयेत. १९९० च्या सुधारित विवाहविधीची अपेक्षा साधी आहे : गीते संस्काराला साजेशी असावीत, ख्रिस्तसभेची श्रद्धा बोलून दाखवणारी असावीत आणि प्रतिसाद-स्तोत्राला महत्त्व द्यावे. विवाहासाठी सुचवलेले स्तोत्र १२८ वे पाहा. कष्टाची भाकरी, घरातली फळलेली वेल, जेवायला भोवती बसलेली लेकरे. ज्या कुटुंबाने वाळूजच्या कारखान्यात पाळ्या करून मुलगी शिकवली, त्याला याहून जवळचे गीत कोणता स्टुडिओ देणार आहे?

आता आमच्या मनातले बोलतो.

आमचे आजोबा गंगापूर तालुक्यातील एका खेड्यात सनई वाजवीत. जातीने नेमून दिलेले काम होते ते. गावातले एकही लग्न त्यांच्या सनईवाचून लागत नसे. मांडवात मात्र त्यांना पाऊल टाकता येत नसे. बाहेर, चपलांच्या शेजारी, हलगीवाल्याजवळ बसून ते दुसऱ्यांच्या मंगलकार्याला सूर पुरवीत आणि पंगती उठल्यावर उरलेले अन्न घरी आणीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून घोगरगावच्या परिसरात फादर गुरियन जाकियर आणि त्यांच्या सोबतच्या मिशनऱ्यांनी जे काम केले, त्यातून पुढे आमच्या घराला बाप्तिस्मा मिळाला. आजोबांनी वडिलांना सांगितलेली आणि वडिलांनी आम्हाला सांगितलेली एक गोष्ट अशी, की मिशनच्या छपराखाली पहिल्या रविवारी ते सवयीने दाराबाहेर बसले. त्यांना हाताला धरून आत नेले आणि सांगितले, की येथे वाजवायचे नाही, येथे गायचे. बिदागीसाठी नव्हे, दुसऱ्यासाठी नव्हे, स्वतःच्या तोंडाने. रेव्हरंड ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) गीते, कीर्तनाच्या चालीवरची भक्तिगीते, हळदीच्या व जात्यावरच्या ओव्यांत मरियेचे नाव गुंफून बायकांनी रचलेल्या ओळी. हे सारे धन त्या गाण्यातून जमत गेले. हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेत रात्री राहुट्यांमधून जे ऐकू येते ते याच धनाचे व्याज आहे. वसईच्या सामवेदी घरांत आणि गोव्याच्या रोसाच्या विधीतही लग्नाची गाणी बायकाच म्हणतात. त्यांचे धन निराळे, वाट तीच.

त्या सनईवाल्याच्या पणतीचे लग्न होते. सारे घर आत, पहिल्या चार बाकांवर, चांगल्या कपड्यांत बसले होते. आणि सारे घर मुके होते. बाहेर बसून वाजवणाऱ्याच्या वंशजांनी आत बसून गप्प राहण्यासाठी पैसे मोजले होते. आमची तक्रार आहे ती याबद्दल.

स्वागतसमारंभाबद्दल आमचे काही मागणे नाही. तेथे ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’चे मेंडोलिन वाजू द्या, ‘गॉडफादर’चे वॉल्ट्झ वाजू द्या, आमच्या वयाच्या लोकांसाठी शंकर-जयकिशन वाजू द्या, आम्ही स्वतः ‘झिंगाट’वर दोन पावले टाकली आहेत आणि त्याचे चित्रीकरण दुर्दैवाने उपलब्ध आहे. जेवणाच्या मांडवात माणूस प्रेक्षकही असतो आणि नटही. तेथे पार्श्वसंगीताने कोणाचे काही बिघडत नाही. फक्त बीड बायपासवरच्या लॉन्समधील आवाज एवढा असतो, की तीस वर्षांनी भेटलेल्या मावसभावाशी खुणांनी बोलावे लागते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. पण दहाच्या आधीही माणसांना कान असतात. चर्चच्या आवारात, दाराबाहेर, वरात येताना बँजो पार्टी असो वा हलगी, मनसोक्त वाजू द्या. आमचा हट्ट दारापासून वेदीपर्यंतच्या त्या साठ पावलांपुरता आणि त्यानंतरच्या एका तासापुरता आहे.

यावर पुतणीने परवा आम्हाला पुन्हा गाठलेच. ती म्हणाली, “काका, हे सगळं ठीक आहे. पण गाणार कोण?” हा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे आणि त्याचे दुखरे टोक आमच्याकडेच वळलेले आहे. ध्वनियंत्रणावाल्याला आपण निम्मी रक्कम आगाऊ देतो. गायनमंडळाला मिस्सेनंतर चहा मिळाला तर मिळतो. लग्नपत्रिकेचा कागद निवडायला चार संध्याकाळी खर्च होतात. गीते निवडायला गायनमंडळाला बोलावणे येते ते आदल्या रात्री. धर्मगुरूंनाही विचारावेसे वाटते, की विवाहपूर्व शिबिरात हिशेबापासून आरोग्यापर्यंत सर्व विषय असतात, त्यात गीतांसाठी अर्धा तास काढता येणार नाही काय? वधूवरांनी दीड महिना आधी गायनमंडळाबरोबर बसावे, पाच गीते ठरवावीत, त्यांतील दोन तरी सगळ्या बाकांना येणारी असावीत. वचनांच्या वेळी काहीही वाजू नये. पंखेसुद्धा बंद ठेवले तर उत्तम. नोंदवहीवर सह्या होत असतात तेव्हा पाच-सात मिनिटे मोकळी असतात. ती घरातल्या आजीची.

ईस्टरनंतर धाकट्या पुतण्याचे लग्न आहे. आमच्या धर्मग्रामातील गायनमंडळात सध्या सात जण आहेत. त्यांतील दोघे पाळीवर असतात, म्हणून तालीम शनिवारी साडेसहाला ठेवली आहे. पेटीवर बसायला कोणी नसल्यामुळे आम्हीच बसतो. डाव्या हाताने भाता आणि उजव्या हाताने चुका, असे आमचे वादन चालते. मातोश्रींचा कागद पिशवीतून बाहेर निघाला आहे. त्यांना काळी चार लागते, तबला आणला आहे तो काळी एकचा, आणि गेले दोन शनिवार या मुद्द्यावर तबलजी आणि मातोश्री यांच्यापैकी कोणीही माघार घ्यायला तयार नाही.